नाव यंत्राने द्यावं, यादी माणसाने करावी

सॉफ्टवेअरच्या येऊ घातलेल्या आवृत्तीला टोपणनाव कोणी द्यायचं, यावर गेले काही महिने माझ्या कामातल्या मंडळींत जोरदार वाद चालला आहे. एका गटाचं म्हणणं असं की नव्या आवृत्तीसाठी कोडची वेगळी शाखा, म्हणजे ब्रँच, उघडणारी जी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) असते तिच्यातच चार ओळी घाला. शब्दांच्या साठ्यातून एक विशेषण आणि एक नाम ती उचलेल, जोडेल, विषय संपला. दुसऱ्या गटाला हे अमानुष वाटतं. सहा महिने राबून जे उभं करायचं त्याचं नाव फासे टाकून ठरवायचं? तिसरा गट म्हणतो की नावांचे लाडच नकोत, आकडे पुरेत, ४.२ नंतर ४.३ येतं हे लहान मुलालाही कळतं. तिन्ही बाजूंची माणसं हुशार आहेत, अनुभवी आहेत, आणि तरी वाद जागचा हलत नाही. कारण तिघांनीही ‘नाव देणं’ ही एकच कृती धरली आहे. त्या दोन कृती आहेत. कोणती नावं वापरण्याजोगी आहेत हे ठरवणं ही एक, आणि त्यांतलं कोणतं कोणाच्या वाट्याला जाणार हे ठरवणं ही दुसरी. पहिली माणसांनी करावी, आधी करावी, सवडीने करावी आणि तिची जबाबदारी घ्यावी. दुसरी यंत्राकडे सोपवावी आणि मग तिथे आवडीनिवडी चालवू नयेत. माझं मत हे आहे, आणि ते माझ्या दृष्टीने कामाच्या सोयीपुरतं नाही.

मुळात आकडा असताना नाव लागतंच कशाला? डेबियन या लिनक्स वितरणाला, म्हणजे लिनक्सवर उभ्या असलेल्या संगणकप्रणालीला, १.० ही आवृत्ती कधी नव्हतीच. १९९५ च्या डिसेंबरात इन्फोमॅजिक या सीडी विकणाऱ्या कंपनीने डेबियनचं अर्धवट अवस्थेतलं काम अनवधानाने ‘१.०’ म्हणून सीडीवर घातलं आणि ते बाजारात गेलं. तो आकडा बाटला. पुढच्या जूनमध्ये पहिली खरी आवृत्ती निघाली ती १.१ म्हणून, आणि तिचं नाव होतं बझ. प्रकल्पाची धुरा तेव्हा ब्रूस पेरेन्सकडे होती, तो ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होता, म्हणून नावं त्यातल्या खेळण्यांची, ती प्रथा आजही चालू आहे. पण यातली महत्त्वाची गोष्ट खेळण्यांची नाही. काम चालू असलेली आवृत्ती डेबियनच्या सर्व्हरवर आकड्याच्या फोल्डरात राहत नाही, नावाच्या फोल्डरात राहते. जाहीर करायच्या दिवशी ‘स्टेबल’ ही खूण फक्त एका नावावरून उचलून दुसऱ्या नावावर ठेवायची असते. जगभरच्या मिरर, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या, सर्व्हरांना सगळ्या फाइली नव्याने ओढाव्या लागत नाहीत आणि कच्चं काम कोणी पक्कं समजून उचलत नाही. आकड्यात वचन असतं, की हे तयार आहे आणि याच्या आधीचं ते. नावाने असलं काहीही कबूल केलेलं नसतं. म्हणूनच ते आधी देता येतं, वस्तू अजून घडायची असताना.

उबुंटू या दुसऱ्या लिनक्स वितरणात हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. पहिली आवृत्ती २००४ च्या ऑक्टोबरात आली म्हणून ४.१०. २००६ च्या एप्रिलात यायची म्हणून ६.०४ ठरलेली आवृत्ती दोन महिने लांबली आणि ६.०६ झाली. तिचं नाव डॅपर ड्रेक मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहिलं. मधल्या काळात ज्यांनी तिच्याविषयी बग नोंदवले, टिपणं लिहिली, आपसांत पत्रं लिहिली, त्यांनी आकड्यावर विसंबून ते केलं असतं तर त्या सगळ्या नोंदी एका अशा आवृत्तीच्या ठरल्या असत्या जी कधी जन्मालाच आली नाही.

आणि नाव दिलं नाही, तर नाव पडतं. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे घाईत कोणीतरी नव्या आवृत्तीच्या फोल्डरला ‘न्यू’ म्हटलं होतं. पुढच्या खेपेला ‘न्यू२’ आलं, मग ‘न्यूफायनल’. मी रुजू झालो तेव्हा ‘न्यू’ हे तिथलं सर्वांत जुनं चालू सॉफ्टवेअर होतं. एका रात्री फोनवर ‘न्यू बंद कर’ असं सांगितल्यावर पलीकडच्या मुलाने खरोखरच जे नवीन होतं ते बंद केलं. पगार जमा व्हायचे होते. पहाटेपर्यंत आम्ही सगळे ते पुन्हा उभं करत होतो. त्या मुलाला वरून बोलणी खावी लागली. चूक त्याची नव्हती. नाव द्यायची वेळ नेमकी तेव्हा येते जेव्हा प्रत्येकाचे हात दुसऱ्या कशात तरी गुंतलेले असतात, आणि म्हणून ते काम विसरलं जातं किंवा उरकलं जातं. यंत्र विसरत नाही. आपोआप नाव देण्याच्या बाजूचा सर्वांत साधा आणि भक्कम मुद्दा हाच आहे, आणि त्या गटातले लोक तो सोडून मजेदार जोड्यांची उदाहरणं देत बसतात याचं मला वाईट वाटतं.

आता आकडे पुरेत म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या हाती खरे पुरावे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. डेबियनच्या २०१९, २०२१ आणि २०२३ च्या आवृत्त्या म्हणजे बस्टर, बुल्सआय आणि बुकवर्म. यांतली आधीची कोणती हे नावावरून ज्याला सांगता येईल त्याने सांगावं. फेडोरा या आणखी एका लिनक्स वितरणाने २० व्या आवृत्तीनंतर नावं बंद केली आणि त्यांचं काही अडलं नाही, कारण त्यांचा आकडा साधा आहे, एकेकाने वाढतो आणि तारखेवर अवलंबून नाही. सर्वांत मोठं उदाहरण अँड्रॉइडचं. कपकेक, डोनट, एक्लेअर करत इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने पायपर्यंत आलेली मिठाईची नावं गूगलने २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबवली आणि पुढच्या आवृत्तीला नुसतं अँड्रॉइड १० म्हटलं. त्यांनी दिलेली कारणं विचार करण्यासारखी होती. काही भाषांत ल आणि र हे वेगळे ध्वनी नाहीत. लॉलिपॉप किटकॅटच्या नंतरचं, हे इंग्रजी वर्णमाला तोंडपाठ असल्याशिवाय कळत नाही. पाय हा जगात सगळीकडे गोड पदार्थ नाही, आणि मार्शमॅलो कित्येक देशांत कोणी खात नाही. आपल्याकडेच किती घरांत खाल्ला जात होता? फोन दुरुस्तीला नेलेल्या माणसाला ‘तुमच्यात मार्शमॅलो आहे की नोगट’ असं विचारणं हा त्याच्यावर अन्याय होता, आणि तो दूर झाला हे चांगलं झालं.

पण या उदाहरणाचा अर्थ नावं संपली असा लावला जातो, तो चुकीचा आहे. गूगलने नाव खोक्यावरून काढलं, कारखान्यातून काढलं नाही. आत ११ व्या आवृत्तीला रेड व्हेल्व्हेट केकच म्हणत होते, १३ वी तिरामिसू होती, १५ वी व्हॅनिला आइस्क्रीम, आणि १६ वी बकलावा. जो अॅप लिहितो त्याच्या कोडमध्ये तिरामिसू हा शब्द आजही टाइप होतो. म्हणजे बाहेरच्यासाठी आकडा, कारण त्याला क्रम हवा. आतल्यासाठी नाव, कारण त्याला ओळख हवी. ही विभागणी मराठी घराला नवीन आहे का? पत्रिकेत नावरस नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, आणि दोघांत कधी भांडण होत नाही, कारण एकाचं काम दुसऱ्याला करायला कोणी सांगत नाही. नावाकडून क्रमाची अपेक्षा केली की डेबियनसारखा गोंधळ होतो, आणि आकड्याकडून ओळखीची अपेक्षा केली की ६.०४ सारखा.

माणसांनीच नाव द्यावं म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मला जास्त जड जातं, कारण त्यांच्या म्हणण्यात जिव्हाळा आहे. नाव देताना माणसं एकत्र येतात, आपण काय केलं याकडे क्षणभर मागे वळून पाहतात. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, ३.११ या आवृत्तीला ‘लिनक्स फॉर वर्कग्रुप्स’ म्हटलं, तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११’ आठवणाऱ्या प्रत्येकाला त्यातली गंमत कळली. कोणतीही स्क्रिप्ट हे करू शकली नसती. हे मी मान्य करतो. मात्र त्याच मोकळिकीतून काय काय निघतं तेही पाहायला हवं. १९९० च्या दशकात अॅपलमधल्या इंजिनिअरांनी पॉवर मॅकिंटॉश ७१०० या यंत्राला कार्ल सेगन या खगोलशास्त्रज्ञाचं नाव टोपणनाव म्हणून दिलं. नाव आतलंच होतं, पण फुटलं. शेजारच्या दोन यंत्रांची टोपणनावं होती पिल्टडाउन मॅन आणि कोल्ड फ्यूजन, म्हणजे विज्ञानाच्या इतिहासातली एक उघड फसवणूक आणि एक फसलेला दावा. अशा पंगतीत आपलं नाव बसलेलं सेगन यांना रुचलं नाही. त्यांनी हरकत घेतल्यावर इंजिनिअरांनी नाव बदललं ते एका अपमानकारक शब्दाच्या आद्याक्षरांत, आणि प्रकरण कोर्टात गेलं. सेगन हरले, शेवटी तडजोड झाली. पण एका थोर माणसाचा मनस्ताप आणि एका कंपनीचा वेळ कशावर खर्च झाला? जे नाव ग्राहकाला कधी दिसणारच नव्हतं त्यावर.

प्रेमाने दिलेलं नाव बोलतं, आणि बोलू नये तेव्हाही बोलतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एका नव्या रेडिओ यंत्रणेचं नाव ‘वोटान’ असल्याचं ब्रिटिशांना कळलं. आर. व्ही. जोन्स या वैज्ञानिकाने जर्मन भाषेच्या जाणकाराला विचारलं, वोटान कोण? उत्तर आलं, एकाक्ष देव. तेवढ्यावरून जोन्सने ताडलं की ही यंत्रणा एकाच किरणशलाकेवर चालत असावी, आणि ते बरोबर निघालं. युद्धानंतर ब्रिटनने शस्त्रांना नावं देताना एक रंग आणि एक असंबद्ध नाम जोडायची पद्धत घेतली, ब्लू स्टील, यलो सन, ती याच भीतीतून. अमेरिकेत उलटं झालं. तिथे १९७५ पासून मोहिमांच्या नावांसाठी संगणकीय व्यवस्था होती आणि प्रत्येक विभागाला सुरुवातीच्या दोन अक्षरांचे गट वाटून दिलेले होते. पण १९८९ मध्ये पनामावर चालून जाताना ‘ब्लू स्पून’ हे मिळालेलं नाव एका सेनापतीला खटकलं. नातवंडांनी आपल्याला अशा नावाच्या लढाईत होते म्हणावं का, असा त्याचा प्रश्न होता. नाव झालं ‘जस्ट कॉज’. तिथून अमेरिकी मोहिमांची नावं घोषणांसारखी होत गेली. २००३ चं इराक युद्ध अमेरिकेच्या कागदांत ‘इराकी फ्रीडम’ आहे, आणि ब्रिटनच्या कागदांत यादीतून निघालेलं ‘टेलिक’. युद्ध एकच. एका नावाने निकाल आधीच लावून टाकला आहे, दुसऱ्याने तो वाचणाऱ्यावर सोडला आहे. आवृत्तीचं नाव युद्धाइतकं गंभीर नसतं हे खरं, पण मोह तोच असतो. ‘लाइटनिंग’ नावाची आवृत्ती संथ निघाली की ते नाव वर्षभर टोचत राहतं.

आपोआप मिळालेल्या नावात जीव नसतो, हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं मला आश्चर्य वाटतं, कारण आपण अशा नावांत पिढ्यान् पिढ्या राहत आलो आहोत. शकाच्या प्रत्येक वर्षाला आकडा आहे आणि नावही आहे. संवत्सरांची साठ नावं ठरलेली, प्रभवापासून क्षयापर्यंत. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल त्या क्रमांकाचं नाव त्या वर्षाचं. शके १९४७ घ्या. १२ मिळवून १९५९, साठाने भागून बाकी ३९, एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. कोणाची बैठक नाही, मतदान नाही, हट्ट नाही. आवृत्तीचा क्रमांक आणि तिचं टोपणनाव यांची याहून नेटकी जोडी मला कुठे दिसलेली नाही. आणि ती यादी गोडगोड नाही. त्यात क्रोधी आहे, दुर्मुख आहे. शके १९४८ च्या वाट्याला तर पराभव आलं. म्हणून कोणत्या घराने पाडव्याची गुढी उभारली नाही? पूजेच्या संकल्पात ते नाव स्पष्ट उच्चारलं जातं, कारण सगळ्यांना माहीत असतं की हे पाळीने आलेलं आहे. पाळीने आलेल्या नावात दोषारोप नसतो आणि खुशामतही नसते. माणसाने मुद्दाम एखाद्या वर्षाला पराभव म्हटलं असतं, तर दंगल झाली असती.

तरीही माणूस अर्थ लावतोच. २०२० चा पाडवा आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस एकच, २५ मार्च. त्या दिवशी सुरू झालेल्या शके १९४२ चं नाव शार्वरी, रात्रीचं. तेव्हा कितीतरी लोकांनी ते नाव एकमेकांना दाखवलं. पण पुढचं वर्ष शके १९४३ प्लव, म्हणजे तरून नेणारा तराफा, आणि एप्रिल-मेमधली ती भयंकर दुसरी लाट त्या तराफ्याच्या वर्षात आली. नावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याच लाटेत नावांचा दुसरा धडा मिळाला. विषाणूच्या ज्या प्रकाराने आपल्याकडे हाहाकार केला त्याचा क्रमांक बी.१.६१७.२. हा कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून जगभर त्याला ‘भारतीय व्हेरियंट’ म्हणू लागले. आकडा बोजड असला आणि ठरलेलं नाव तयार नसलं की जे नाव पडतं ते असं पडतं, दुसऱ्याला डागणारं. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची पाळी लावली. ब्रिटनमध्ये आढळलेला अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, ब्राझीलमधला गामा, आपल्याकडचा डेल्टा. आठवड्याभरात तो सगळ्यांच्या तोंडी बसला. यादी माणसांची, पाळी यंत्राची, ती हीच. पुढे नोव्हेंबरात पाळीप्रमाणे न्यू हे अक्षर आलं, ते इंग्रजी ‘न्यू’सारखं ऐकू येतं म्हणून सोडलं, त्यानंतरचं शी हे चीनमधलं आडनाव म्हणून सोडलं, आणि नाव ठेवलं ओमिक्रॉन. विरोधक इथे मला पकडतात: मग झाला ना माणसाचा हस्तक्षेप? झाला, आणि तो योग्य होता. वगळण्याचा हक्क माणसाकडे असलाच पाहिजे. निवडण्याचा नको. दोन अक्षरं सोडून पुढच्यावर जाणं आणि चोवीस अक्षरांतून आवडीचं उचलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पंचांगातही सत्तावीस नक्षत्रांच्या चार-चार चरणांना मिळून १०८ अक्षरं वाटलेली आहेत. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण आहे, आर्द्रेच्या तिसऱ्याला ङ. ण ने सुरू होणारं नाव कुठून आणणार? घरातली माणसं ते अक्षर सोडतात आणि पुढे जातात. त्यामुळे पंचांग खोटं ठरत नाही आणि बाळ बिननावाचं राहत नाही.

म्हणून ज्यांना सगळंच यंत्रावर सोडायचं आहे, शब्दांचा साठाही, त्यांच्याशी माझं पटत नाही. प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवणारं डॉकर हे साधन त्या प्रत्येक डब्याला, म्हणजे कंटेनरला, न सांगता नाव देतं: एक विशेषण आणि एका वैज्ञानिकाचं किंवा संगणकातल्या मोठ्या माणसाचं नाव. यादीत आर्यभट आहेत, रामानुजन आहेत, रामन आहेत, भाभा आहेत, विश्वेश्वरय्या आहेत, आणि ते पाहून मला आनंद होतो. पण विशेषणांत रागीट, दुःखी असली मंडळीही आहेत. त्या कोडमध्ये एक अपवाद हाताने लिहिलेला आहे: ‘बोरिंग’ आणि ‘वॉझ्निअॅक’ एकत्र आले तर पुन्हा फासे टाका, कारण अॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक कंटाळवाणा नाही. ज्याने ही ओळ लिहिली त्याला समजलं होतं की दोन निर्दोष शब्द एकत्र येऊन कोणाला तरी दुखवू शकतात. मग तोच मान बाकीच्या शेकडो माणसांना का नको? शंभर विशेषणं आणि दोनशे नामं घेतली की वीस हजार जोड्या होतात. त्या कोणी वाचून पाहिलेल्या नसतात. तीस नावांची यादी माणूस एका दुपारी मोठ्याने वाचू शकतो. अर्थ लागणार नाही असं मानून चालणारे लोक पावसाच्या नक्षत्रांची वाहनं विसरतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागायचं आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक ठरवायचा, इतका हा शुद्ध हिशोब. पण बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पेरणीच्या तोंडावरच्या माणसाचा चेहरा उजळतो आणि मेंढा आला की उतरतो. शब्द साठ्यात ठेवताना हे ध्यानात ठेवावं लागतं. यंत्र ते ठेवणार नाही.

आणखी एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या छिद्रांना संशोधक हार्टब्लीडसारखी काळजाचा ठोका चुकवणारी नावं देतात, म्हणून २०२० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट समन्वय केंद्राने व्हल्नोनिम नावाचा बॉट काढला. छिद्राच्या अधिकृत क्रमांकावरून गणिताने दोन शब्द काढायचे आणि तटस्थ नाव द्यायचं. हेतू उत्तम. पण पुढच्याच वर्षी डिसेंबरात जे मोठं छिद्र सापडलं त्याला जग लॉग४शेल म्हणूनच ओळखतं. डेबियनचं बुकवर्म मात्र लोकांच्या बोटांत बसलं आहे, कारण सर्व्हर उभारताना ते फाइलमध्ये लिहावं लागतं. नाव जिथे हाताला लागतं तिथे रुजतं. नुसतं जाहीर केलेलं नाव रुजत नाही.

माणसाने निवडलेलं नसलं तर ते मनात घर करत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जावं. हिंदी महासागराच्या उत्तर भागातल्या वादळांची यादी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावं देऊन २०२० मध्ये नव्याने केली. नियम लिहून ठेवले: राजकारण, धर्म आणि लिंगभेद यांपासून दूर, जास्तीत जास्त आठ अक्षरी, उच्चाराला सोपं, कोणाला न दुखवणारं, पुन्हा न वापरायचं. त्या यादीतलं पहिलंच नाव, बांगलादेशाने सुचवलेलं, पाळीने आमच्या वाट्याला आलं: निसर्ग. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. कोकणात ते नाव कोणी निवडलं नव्हतं. तरी आज तिथली माणसं ‘निसर्गाच्या आधी’ आणि ‘निसर्गानंतर’ असं बोलतात, पुढच्या वर्षी आलेल्या तौक्तेचंही तसंच. आणि यादी करणाऱ्यांची चूक झाली तेव्हा ती सुधारताही आली. २०१३ मध्ये श्रीलंकेनेच दिलेलं महासेन हे नाव एका आदरणीय राजाचं होतं. ते संहारक वादळाला लागल्यावर त्याच देशात लोक संतापले, आणि नाव मागे घ्यावं लागलं. १९४३ च्या ऑगस्टमध्ये चर्चिलने मोहिमांच्या नावांबद्दल जे टिपण लिहिलं त्यात हीच काळजी होती: नाव बढाईखोर नको आणि थिल्लर नको, कारण मुलगा कोणत्या मोहिमेत गेला हे त्याच्या आईला उच्चारावं लागणार आहे.

मराठी टीमसमोर हा प्रश्न आला की पहिली सूचना गडकोटांची येते. राजगड, तोरणा, रायगड. मला हे गड जीवापाड प्रिय आहेत आणि म्हणूनच माझा त्यांना विरोध आहे. प्रत्येक आवृत्ती एक दिवस निकामी होते, तिच्यात दोष सापडतात, तिला काढून टाकावं लागतं. ‘रायगड बंद करा’, ‘राजगडाला भगदाड आहे’ ही वाक्यं आपल्यापैकी कोणाला तरी लिहावी लागतील. संतांची, देवांची, हयात किंवा दिवंगत माणसांची नावं त्याच कारणाने बाद. दुसरी अडचण लिपीची. फेडोराच्या १९ व्या आवृत्तीचं नाव होतं श्रोडिंगर्स कॅट. त्यातल्या एका अक्षरावरचे दोन ठिपके आणि षष्ठीचं चिन्ह यांमुळे काही प्रोग्राम अडखळले. देवनागरी नावाचं काय होईल याची कल्पना करा. कमांड रोमनमध्ये लिहायची, तर एकाच प्रकारे लिहिता येणारं नाव हवं. फणसाची सुरुवात पी-एच ने की एफ ने? वडाची व्ही ने की डब्ल्यू ने? अर्ध्या रात्री, सर्व्हर पडलेला असताना, हा प्रश्न कोणाला पडता कामा नये.

आमची यादी आता झाडांची आहे, कखगच्या क्रमाने, म्हणजे क्रम हवाच असेल त्याला तोही दिसतो. फाइल सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आहे, प्रत्येक नावापुढे ते सुचवणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव आहे. स्क्रिप्ट ब्रँच उघडते तेव्हा पुढचं नाव घेते. दोघांनी कारण लिहून सही केली तर ते वगळून त्याच्या पुढचं. फणस, वड आणि जांभूळ स्पेलिंगवरून गेले. अर्जुन गेला, कारण त्या नावाचा सहकारी आमच्यात आहे. ज्या दुपारी आम्ही यादी मोठ्याने वाचली तेव्हा तुळसही तिच्यात होती. नाव छोटं, स्पेलिंग सोपं, कोणाची हरकत नव्हती. आमच्यातली सर्वांत तरुण मुलगी, जिच्याकडे जुन्या आवृत्त्या सर्व्हरवरून पुसायचं काम असतं, ती त्या ओळीशी थांबली. उद्या हे मला डिलीटच्या पुढे टाइप करावं लागेल, एवढंच म्हणाली. तिने त्या ओळीवर रेघ मारली आणि पुढचं नाव वाचलं.